लॅपटॉपात कोण बसलंय? आवाजाच्या प्रोसेसची ओळखपरेड

गणपतीत आमच्याकडे डबलबाऱ्यांचा, म्हणजे भजनांच्या सामन्यांचा, मोसम असतो. दोन बुवा समोरासमोर बसतात, रात्री सुरू झालेली बारी पहाटेपर्यंत चालते. हल्ली प्रत्येक बारीच्या कोपऱ्यात एक लॅपटॉप, माइक लॅपटॉपला जोडणारा एक छोटा ऑडिओ इंटरफेस आणि चार माइकच्या वायरींचा गुंता पडलेला असतो. देवगड तालुक्यातल्या एका बुवांनी गेल्या वर्षी स्वतःचं रेकॉर्डिंग स्वतःच करायला घेतलं. मी कणकवलीत कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्यामुळे असल्या प्रत्येक धाडसाचा दुसरा अंक माझ्या टेबलावर होतो.

विसर्जनानंतर दोन दिवसांनी बुवांचा फोन आला.

“अरे, माझ्या लॅपटॉपात कोणतरी येवन बसलो हा. नाव विंडोजचा सांगता आणि सगळो सीपीयू खाता. पंखो तर असो फिरता की आता उडान जायत. मारून टाकू काय?”

“काय मारू नकात, बुवा. येतंय मी.”

त्यांनी टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रॅम (त्यांनाच प्रोसेस म्हणतात) आणि त्यांचं खाणं दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडला होता आणि त्यात सगळ्यात वर दिसत होतं ‘विंडोज ऑडिओ डिव्हाइस ग्राफ आयसोलेशन’, १८ टक्के सीपीयू. नावच असं की कोणालाही संशय यावा. फाइलचं नाव त्याहून विचित्र: ऑडिओडीजी डॉट ईएक्सई. बुवांच्या भाच्याने निकाल देऊन टाकला होता, की हा व्हायरस आहे, विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरात जाऊन डिलीट करा. भाचे मंडळी असले निकाल फार लवकर देतात.

आधी या ऑडिओडीजीची ओळख करून घेऊ, कारण विंडोजच्या प्रत्येक लॅपटॉपात तो असतो आणि त्याच्यावर कायम आळ येतो.

विंडोज एक्सपीच्या काळात निरनिराळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र मिसळण्याचं काम कर्नलमध्ये चालायचं. कर्नल म्हणजे विंडोजचा गाभारा. तिथे कोणी धडपडलं तर सगळं देऊळच बंद. साउंड कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, एक चूक, की निळी स्क्रीन आणि कॉम्प्युटर ठप्प. मग विंडोज व्हिस्टामध्ये, म्हणजे २००६-०७ च्या सुमाराला, मायक्रोसॉफ्टने आवाजाची बरीचशी यंत्रणा गाभाऱ्यातून बाहेर सभामंडपात आणली. त्यातही आवाजावर संस्कार करणारा भाग, म्हणजे लॅपटॉप कंपनीने दिलेले बास वाढवणारे, गोंगाट कापणारे, आवाज ‘सिनेमासारखा’ करणारे इफेक्ट, हे सगळं वेगळ्या खोलीत ठेवलं. ती खोली म्हणजे ऑडिओडीजी. ‘आयसोलेशन’ हा शब्द तिथून आला. एखाद्या कंपनीचा इफेक्ट कोसळला तर तेवढी खोली कोसळते, घर उभं राहतं. शिवाय ही प्रोसेस ‘संरक्षित’ असते, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला सहजासहजी तिच्या मेमरीत डोकावता येत नाही. मागचं कारण सुरक्षेइतकंच धंद्याचंही होतं: विकत घेतलेलं गाणं वाजत असताना मधल्यामधे कोणी ते चोरून उतरवून घेऊ नये.

हे कळलं की १८ टक्क्यांचा उलगडा होतो. ऑडिओडीजी स्वतः फारसं खात नाही. त्याच्या खोलीत बसलेले इफेक्ट खातात. बुवांच्या लॅपटॉपवर स्पीकर आणि माइक दोन्हींवर कंपनीचे झाडून सगळे इफेक्ट चालू होते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, साउंड, मग तुमचं उपकरण, आणि तिथे ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद. विंडोज १० मध्ये हेच जुन्या साउंड पॅनलच्या ‘एन्हान्समेंट्स’ टॅबमध्ये सापडतं. बंद केल्यावर आकडा एक-दोन टक्क्यांवर आला. रेकॉर्डिंग करणाऱ्याने हे तसंही बंदच ठेवावं. पखवाजाच्या थापेला लॅपटॉपने परस्पर ‘सुधारलेलं’ कोणाला हवं आहे?

मी लॅपटॉप मिटायला गेलो आणि बुवांनी हात धरला. “पंखो ऐक.”

पंखा परत भणभणत होता. टास्क मॅनेजर बंद करून अर्धा मिनिटही झालं नव्हतं. उघडला, तर थोड्या वेळात शांत. बंद केला, पुन्हा सुरू. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की आपण मघापासून भलत्यालाच उभं केलंय. बत्ती लावली की चोर पळतो, आणि अंगणात जो उभा सापडतो त्याला मार पडतो. ऑडिओडीजी अंगणात उभा होता, एवढाच त्याचा गुन्हा.

आता एखादी प्रोसेस सुरक्षित आहे की नाही हे बघायचं कसं, ते सांगतो. आमच्याकडे याला तयार उपमा आहे: आंब्याची पेटी.

पेटीवर ‘देवगड हापूस’ छापलेलं असतं. ते कोणीही छापू शकतं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी दुसरीकडचा आंबा आमच्या नावाच्या खोक्यात घालून मुंबई-पुण्यात विकतात ही बागायतदारांची तक्रार काही संपली नाही. प्रोसेसचं नाव हे पेटीवरच्या छपाईसारखं आहे. फाइलला कोणतंही नाव देता येतं, आणि टास्क मॅनेजरमध्ये जे लांबलचक वर्णन दिसतं तेसुद्धा फाइल बनवणाऱ्यानेच लिहिलेलं असतं. ऑडिओडीजीच्या नावात शेवटच्या इंग्रजी ‘जी’च्या जागी ‘क्यू’ टाकला, तर बारीक अक्षरात दहातल्या नऊ जणांना फरक कळणार नाही. म्हणून ‘नाव विंडोजचं सांगतो’ हा ना गुन्ह्याचा पुरावा, ना निर्दोषत्वाचा.

नावाने फसवण्याचा सगळ्यात गाजलेला किस्सा नेमका गाण्यांच्या दुनियेतला आहे. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रुसिनोविच या विंडोज तज्ज्ञाने लिहून जाहीर केलं, की आपण विकत आणलेल्या एका संगीताच्या सीडीने आपल्या कॉम्प्युटरमध्ये लपून राहणारं सॉफ्टवेअर घातलं. सीडी सोनी बीएमजीची होती. कॉपी रोखण्यासाठी घातलेलं ते सॉफ्टवेअर स्वतःच्या फाइली आणि प्रोसेस विंडोजपासून दडवायचं, आणि त्याच्या सर्व्हिसचं, म्हणजे मागे चालत राहणाऱ्या प्रोग्रॅमचं, नाव काय ठेवलं होतं, तर ‘प्लग अँड प्ले डिव्हाइस मॅनेजर’. अस्सल विंडोजचं वाटावं असं. पुढच्याच महिन्यात कंपनीला सीड्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या, पण तोवर दुसऱ्या व्हायरसवाल्यांनीही त्याच आडोशाचा फायदा घ्यायला सुरुवात केली होती. हाच रुसिनोविच ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ आणि ‘ऑटोरन्स’ या हत्यारांचा कर्ता. दोन्ही फुकट आहेत, २००६ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची आहेत आणि पुढे कामाला येणार आहेत.

नावानंतर पत्ता. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, प्रोसेसवर राइट क्लिक करा, ‘ओपन फाइल लोकेशन’. खरा ऑडिओडीजी सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरातल्या सिस्टम३२ मध्येच राहतो. तोच ‘टेम्प’ फोल्डरात किंवा डाउनलोड्समध्ये सापडला तर पुढचं काही बघायची गरज नाही, तो तोतया आहे.

बाकीच्यांचे पत्ते इतके सरळ नसतात आणि इथे लोक उगाच घाबरतात. उदाहरणार्थ रिअलटेक. तैवानची ही कंपनी १९८७ पासूनची, बोधचिन्ह खेकड्याचं. आमच्याकडे एका गिऱ्हाइकाने तिचं नाव ‘कुर्लीवाली कंपनी’ पाडलंय आणि आता मीही तेच म्हणतो. बहुतेक विंडोज लॅपटॉपांत आवाजाची चिप यांचीच, त्यामुळे ‘रिअलटेक एचडी ऑडिओ युनिव्हर्सल सर्व्हिस’ नावाची प्रोसेस मागे चालू असते. हेडफोन खोचला की ‘काय खोचलंत?’ असं विचारणारी खिडकी येते ती अशाच प्रोसेसमुळे. तिची फाइल कधी सिस्टम३२ मध्ये, तर कधी त्याच्या पोटातल्या ‘ड्रायव्हरस्टोअर’मध्ये एका अशा फोल्डरात असते, की ज्याच्या नावापुढे अक्षर-आकड्यांची लांबलचक खिचडी असते. ती खिचडी बघून दोन जणांनी माझ्याकडे लॅपटॉप आणून टाकलेत. ती विंडोजनेच घातलेली असते, काळजी नको. रेकॉर्डिंगवाल्यांकडे आणखी पाहुणे असतात: आयलॉक या सॉफ्टवेअर-परवान्याची तपासणी करणारी पेस कंपनीची सर्व्हिस, नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स या संगीत सॉफ्टवेअर कंपनीचा ‘एनटीके डेमन’, रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जुने ३२ बिटचे प्लगइन, म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम, चालवणारी ‘रीपर होस्ट’. डेमन म्हणजे भूत नव्हे, मागे बसून काम करणारा प्रोग्रॅम. पण परीक्षेच्या रात्री मुलीच्या लॅपटॉपात ‘डेमन’ दिसल्यावर एका आईने मला किती वाजता फोन केला, ते सांगत नाही.

अगदी सरळ, कायदेशीर प्रोग्रॅमसुद्धा कधी कधी वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरात राहतात. तेव्हा पत्ता वेगळा दिसला म्हणजे फाशी नाही, चौकशी.

ती चौकशी सहीपाशी होते. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘डिजिटल सिग्नेचर्स’ टॅब. सही करणाऱ्याचं नाव निवडून ‘डिटेल्स’ दाबा आणि सही वैध आहे असं वाक्य येतंय का ते वाचा. नुसती टॅब दिसली म्हणून परत फिरू नका. या सहीमागे गणित आहे. कंपनीकडे एक गुप्त किल्ली असते, तिने फाइलवर मोहोर उठते, आणि नंतर फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी मोहोर जुळत नाही. छापलेल्या खोक्याऐवजी हे लाखेचं सील झालं. एक खाचखळगा: विंडोजच्या स्वतःच्या काही फाइलींवर ही टॅबच दिसत नाही, कारण त्यांच्या सह्या वेगळ्या कॅटलॉग फाइलीत एकत्र ठेवलेल्या असतात. म्हणून मी प्रोसेस एक्सप्लोरर उघडतो आणि त्याच्या ऑप्शन्समध्ये सह्या पडताळायला सांगतो. कॅटलॉगमधली सहीसुद्धा तो शोधून काढतो आणि सगळ्या प्रोसेससमोर ‘पडताळली’ की ‘नाही’ ते एका ओळीत दाखवतो. तिथेच उजव्या बाजूला व्हायरसटोटल या फाइली तपासणाऱ्या वेबसाइटचा निकालही मागवता येतो.

सील चोरीला जाऊ शकतं का? जातं. २०१० मध्ये सापडलेला स्टक्सनेट नावाचा व्हायरस, ज्याचा रोख इराणच्या नतान्झ अणुकेंद्रातल्या यंत्रांवर होता, त्याच्या ड्रायव्हरांवर चक्क कुर्लीवाल्या कंपनीची, रिअलटेकची, खरी सही होती. कंपनीची किल्ली चोरांच्या हाती लागली होती. त्या जुलैत ते प्रमाणपत्र रद्द झालं, तर लगेच जेमायक्रॉन नावाच्या दुसऱ्या कंपनीच्या सहीने केलेला ड्रायव्हर सापडला. दोन्ही कंपन्या तैवानच्या एकाच शिन्चू विज्ञान उद्यानातल्या. पण एवढा खटाटोप भजनी बुवाच्या लॅपटॉपसाठी कोणी करत नाही, हेही खरं. तुमच्या-माझ्याकडे येणारा चोर बहुधा सहीशिवायच येतो.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट, आणि ती आंब्याशिवाय समजावता येत नाही. बाग खरी, पेटी खरी, सील खरं. आंबा वरून सोन्यासारखा. आणि कापला की आत पांढरा, स्पंजासारखा, आंबट गर. साका. हापूसमध्ये हे होतं, बाहेरून दिसत नाही, आणि बागायतदाराने फसवलेलं नसतं.

मे २०१७ मध्ये मॉडझिरो या स्विस सुरक्षा कंपनीला एचपीच्या काही लॅपटॉपांत असाच साका सापडला. त्या लॅपटॉपांत कोनेक्झंट कंपनीचा आवाजाचा ड्रायव्हर होता आणि त्यासोबत ‘मिकट्रे६४’ नावाची प्रोसेस लॉगिन होताच सुरू व्हायची. काम साधं: माइक बंद-चालू करायचं बटण कीबोर्डवर दाबलं का, ते बघायचं. आता एक विशिष्ट बटण दाबलं का हे कळायला ती सगळीच बटणं ऐकत बसली होती. तिथवरही एक वेळ ठीक. पण तिच्या एका आवृत्तीत प्रोग्रॅमरांनी चाचणीसाठी घातलेला भाग तसाच राहून गेला, आणि दाबलेलं प्रत्येक बटण एका साध्या फाइलीत लिहिलं जाऊ लागलं. फाइल सर्वांना उघडता येणाऱ्या ‘पब्लिक’ फोल्डरात. पासवर्ड, पत्रं, बँकेचे आकडे, सगळं उघड्या वहीत. दर लॉगिनला वही कोरी व्हायची, पण बॅकअप घेणाऱ्यांकडे जुनी पानं साठतच होती. ही माहिती कुठे पाठवली जात होती असं काही निघालं नाही, आणि एचपीने त्याच महिन्यात दुरुस्ती दिली.

त्या फाइलला आपल्या सगळ्या परीक्षा लावून बघा. नाव बरोबर, पत्ता बरोबर, कंपनी खरी. सगळ्यांत पास. म्हणजे ‘सुरक्षित आहे का’ या एका प्रश्नात दोन प्रश्न लपलेले असतात: हा जो म्हणतो तोच आहे का, आणि तो करतो काय. सही पहिल्याचंच उत्तर देते. दुसऱ्यासाठी बसून बघावं लागतं.

काय बघायचं? आवाजाच्या प्रोसेसकडे तीनच गोष्टी बघण्यासारख्या असतात. एक, ती नेटवर जाते का. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमधून ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडतो, त्याच्या नेटवर्क टॅबमध्ये कोण कोणाशी बोलतंय ते दिसतं. परवाना तपासणारी सर्व्हिस नेटवर जाणारच, तिचं कामच ते. हेडफोन ओळखणाऱ्या प्रोसेसचं नेटवर रात्रंदिवस काय काम असेल, हा प्रश्न मात्र विचारायला हवा. दोन, माइक कोण ऐकतंय. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली ‘मायक्रोफोन’ उघडलं की कोणत्या प्रोग्रॅमने शेवटचा माइक कधी वापरला, तारखेसकट यादी येते. बुवांच्या यादीत बारीच्या रात्री पावणेतीनला रीपर होतं. बरोबर, तेव्हा गजर चालू होता. ही यादी सगळ्या डेस्कटॉप प्रोग्रॅमांना पकडतेच असं नाही, हे मायक्रोसॉफ्ट तिथेच बारीक अक्षरात लिहितं. तरी सुरुवात तिथून. आणि तीन, काही वाजत नसताना, काही रेकॉर्ड होत नसताना ती किती खाते.

तिसऱ्या प्रश्नापाशी मी पुन्हा बुवांच्या पंख्याकडे आलो.

बघितल्यावर लपणारा चोर टास्क मॅनेजरमध्ये सापडत नाही. तो आत येतो कुठून ते बघावं लागतं. ऑटोरन्स हेच करतं: विंडोज सुरू होताना किंवा ठरल्या वेळी आपोआप चालू होणाऱ्या एकूण एक गोष्टींची यादी काढतं. मायक्रोसॉफ्टच्या सहीवाल्या ओळी लपवायला सांगितल्या आणि उरलेल्यांवर नजर फिरवली. रिअलटेक, रीपर, इंटरफेसचा ड्रायव्हर, आणि ठरल्या वेळच्या कामांत एक ‘ऑडिओ अपडेट’. सही नाही. फाइल ‘प्रोग्रॅमडेटा’तल्या एका फोल्डरात, आणि फोल्डर बनल्याची तारीख गणेश चतुर्थीच्या चार दिवस आधीची.

“बुवा, त्या दिवशी काय घातलंत यात?”

बुवा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, भाच्याने पेनड्राइव्ह आणला होता. त्यात आवाज ‘स्टुडिओसारखो’ करणारा महागडा प्लगइन होता. फुकट.

क्रॅक केलेल्या, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेल्या, प्लगइनबद्दल मला नीतीचं व्याख्यान द्यायचं नाही. धंद्याचं सांगतो. २०१९ च्या जूनमध्ये ईसेट या अँटिव्हायरस कंपनीने ‘लाउडमायनर’ नावाच्या प्रकाराबद्दल लिहिलं. क्रॅक केलेल्या संगीत सॉफ्टवेअरसोबत तो वाटला जात होता, २०१८ च्या ऑगस्टपासून. एबलटन लाइव्ह, रीझन, सायलेंथ वन, ऑटोट्यून अशा नावांची १३७ सॉफ्टवेअर एकाच ठिकाणी चोरांनी मांडून ठेवली होती. प्लगइन खरंच चालायचं, म्हणून कोणी संशय घेत नव्हतं. सोबत एक छोटा आभासी कॉम्प्युटर तुमच्या कॉम्प्युटरच्या पोटात बसवला जायचा, विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स वापरून, मॅकवर क्यूईएमयू वापरून. ही दोन्ही सॉफ्टवेअर स्वतः अगदी सज्जन. त्या आभासी कॉम्प्युटरात लिनक्स, आणि त्यात ‘मोनेरो’ हे आभासी चलन खणणारा प्रोग्रॅम. वीज तुमची, मशीन तुमचं, नाणी त्याची.

चोरांनी संगीतवालेच का निवडले? कारण आपल्याकडे ताकदीची मशीनं असतात, आणि सीपीयू तापला, पंखा ओरडला तरी आपल्याला नवल वाटत नाही. दहा ट्रॅक, त्यावर रिव्हर्ब, तापणारच, असं आपणच स्वतःला समजावतो. शिवाय फाइली मोठ्या असायची सवय. शंभर एमबी जास्त उतरले तर कोण मोजतो. आणि बुवांच्या पंख्याची आठवण व्हावी अशी गोष्ट: मॅकवरच्या लाउडमायनरमध्ये एक छोटी स्क्रिप्ट होती. मॅकचा ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’ उघडला गेला का यावर ती सतत नजर ठेवायची. उघडला की खाणकाम बंद.

बुवांच्या लॅपटॉपात लाउडमायनर होता असं मी म्हणत नाही. जात तीच.

त्या ‘ऑडिओ अपडेट’ची फाइल मी व्हायरसटोटलवर तपासली. ही सेवा सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस इंजिनांचं मत एकदम देते. इथे दोन पथ्यं. फाइल अपलोड करण्याऐवजी तिचा हॅश, म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा, शोधावा, कारण अपलोड केलेल्या फाइली संशोधकांना आणि कंपन्यांना मिळू शकतात, आणि स्वतःचं काही खासगी तिथे टाकायचं नसतं. प्रोसेस एक्सप्लोरर आणि ऑटोरन्स आधी हॅशच पाठवतात. दुसरं, आकडा वाचायला शिकावं. सत्तरांतल्या एका-दोघांनी बोट दाखवलं आणि सही खरी असेल, तर बहुतेक वेळा तो खोटा गजर असतो. छोट्या प्लगइन कंपन्यांच्या वाट्याला हे फार येतं. उलट शून्य आलं म्हणजे पुण्यवान असं नाही, फाइल अगदी ताजी असली तर तिला अजून कोणी ओळखत नसतं. बुवांच्या फाइलवर चाळीसच्या वर बोटं होती. वादच नाही.

मग केलं ते असं. आधी वायफाय तोडलं. बाऱ्यांची रेकॉर्डिंगं बाहेरच्या डिस्कवर घेतली, फक्त आवाजाच्या फाइली, कोणताही इन्स्टॉलर नाही. डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचं, ऑफलाइन स्कॅन लावलं. ते विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतं, त्यामुळे लपणाऱ्याला लपायला जागा राहत नाही, आणि साधारण पाव तासात होतं. त्याने दोन फाइली उचलल्या. तरीही मी विंडोज नव्याने घातलं, कारण आत एकदा येऊन गेलेला मागे कोणती खिडकी उघडी ठेवून गेला हे छातीठोक सांगता येत नाही, आणि बुवा त्याच लॅपटॉपवरून बँक बघतात. पासवर्ड बदलले ते माझ्या कॉम्प्युटरवरून.

संशयित फाइल नसून नुसतं ओझं असेल, म्हणजे कंपनीने दिलेली पण तुम्हाला नको असलेली प्रोसेस, तर एवढं करायचं नसतं. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ टॅबमध्ये ती डिसेबल करा आणि दोन दिवस वापरून बघा. काही अडलं तर परत चालू करता येते. कुर्लीवाल्यांची सर्व्हिस अशी बंद केली तरी आवाज सहसा येत राहतो, हेडफोनची खिडकी तेवढी येत नाही. डिलीट मात्र हाताने कधीच करू नका, सिस्टम३२ मध्ये तर नाहीच. ऑडिओडीजीला टास्क मॅनेजरमधून मारलंत तर आवाज बंद पडतो, आणि पुढचं गाणं लावलं की विंडोज त्याला पुन्हा उभा करतं. भाच्याचा सल्ला मात्र बुवांनी खरंच अमलात आणला असता, तर पुढच्या बारीला लॅपटॉप मुका बसला असता.

मॅकवाल्यांसाठी दोन ओळी: तुमच्याकडचा ऑडिओडीजी म्हणजे ‘कोअरऑडिओडी’, तो घरचाच. माइक चालू असेल तर वर कोपऱ्यात नारिंगी ठिपका दिसतो. अँड्रॉइड १२ पासून फोनवर हाच ठिपका हिरवा असतो. ठिपका आहे आणि आपण काही रेकॉर्ड करत नाही, तर त्यावर बोट ठेवून कोण ऐकतंय ते बघावं.

नवीन विंडोजवर रीपर पुन्हा घातलं. त्याच्यासोबत येणारा इक्वलायझर आणि कंप्रेसर बुवांच्या कामाला पुरून उरतात, बाहेरून काही आणायची गरज नव्हतीच. बारीची ती रात्र पुन्हा लावली, दोघांनी ऐकली. पखवाज मूळचाच छान आला होता, माइक योग्य जागी होता म्हणून. पंखा गप्प होता.

निघताना बुवांनी सोड्यांची पिशवी हातात ठेवली आणि हळूच विचारलं, “त्या पेनड्राइव्हाचा काय केलंस?”

तो मी आधीच फॉरमॅट केला होता. भाच्याला अजून माहीत नाही.